माझ्या तीन बुडालेल्या वेबसाईट आणि ग्रामसभेची एक वही

गेल्या महिन्यात कुरखेड्याकडे ग्रामसभांच्या एका बैठकीला गेलो होतो. बाहेरून आलेल्या एका संस्थेची दोन तरुण मुलं प्रोजेक्टर लावून दाखवत होती. प्रत्येक ग्रामसभेचं वेगळं पान, त्यावर ठराव, तेंदू-बांबूचे दर, जमाखर्च, फोटो, सगळं मोबाईलवर. मुलं मनापासून बोलत होती. मागे बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "अन् हे बंद पडलं तं?"

मुलगा हसला. "काकू, हे क्लाऊडवर आहे. बंद नाही पडत."

मी खालच्या सतरंजीकडे पाहत बसलो. 'क्लाऊड' हा एक शब्द सोडला तर हेच वाक्य मी २०१४ साली याच भागात, अशाच सतरंजीवर बसलेल्या लोकांना ऐकवलं होतं. ती वेबसाईट चार वर्षांत बुडाली. बुडताना एका गावाचं नुकसान करून गेली, आणि त्यात दोष माझा होता.

बैठक संपल्यावर मला म्हणाले, सर, तुम्ही यातले जुने, तुमचं मत लेखी द्या. देणार आहे. पण आधी हा इतिहास एकदा मांडून टाकतो. माझा आहेच, पण एकट्या माझा नाही. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

पहिली वेबसाईट २००२ ची. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलमार्फत, तेही मोजक्या मोठ्या शहरांत. चंद्रपुरात माझ्या कॉम्प्युटर क्लासपर्यंत यायला आणखी काही वर्षं गेली. तेव्हा एमएस-सीआयटी नुकतं सुरू झालं होतं आणि पोरं माऊस हातात धरायला शिकायची. मोडेमचा तो किरकिराट, फोन लागला की नेट बंद, रात्री दहानंतर जरा बरा वेग. अशा रात्रींत मी जिओसिटीजवर फुकटची जागा घेऊन चंद्रपूरची वेबसाईट बनवली. परकोट, जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर, बिनबा या चारही वेशींचे फोटो, महाकालीच्या चैत्र यात्रेची माहिती, आणि एसटीचं वेळापत्रक. वेळापत्रक मी स्वतः बसस्टँडवर उभं राहून फळ्यावरून वहीत उतरवलं होतं. त्याचा मला फार अभिमान होता.

मराठी कशात लिहायचं हा तेव्हाचा मोठा प्रश्न. युनिकोड होतं, पण विंडोज एक्सपीवर ते चालू करायला सेटिंगमध्ये जाऊन टिचकी मारावी लागायची आणि मग तो मशीनसोबत आलेली सीडी मागायचा. ती सीडी कोणाकडेच नसायची. म्हणून सगळे श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण असे फॉन्ट वापरायचे. आपल्या विदर्भातल्या ऑफिसांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत कृतीदेव. मी कृतीदेव घेतला. आतून ती सगळी इंग्रजी अक्षरं, वरून फक्त देवनागरीचा अंगरखा. ज्याच्या मशीनवर तो फॉन्ट नाही त्याला पानभर कचरा दिसायचा. सर्च इंजिनलाही कचराच दिसायचा. 'चंद्रपूर' असं शोधणाऱ्याला माझी साईट सापडणं शक्यच नव्हतं. हे मला दोन वर्षांनी कळलं.

त्याच काळात पुण्या-मुंबईची आणि परदेशातली मराठी मंडळी मायबोलीवर १९९६ पासून गप्पा मारत होती, १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला. तिकडे लोक एकमेकांना उत्तरं देत होते. माझ्याकडे फक्त मी होतो.

आणि ते वेळापत्रक! तीन महिन्यांत एसटीने गाड्या बदलल्या. मी बदलल्या नाहीत. एक ओळखीचे गृहस्थ नागपूरहून माझ्या साईटवरची संध्याकाळची गाडी धरायला निघाले आणि रात्रभर स्टँडवर बसले. भेटल्यावर काही बोलले नाहीत, नुसतं हसले. ते हसणं मला अजून आठवतं. चुकीची माहिती, त्यातही छापल्यासारखी सुबक दिसणारी, ही माहिती नसण्यापेक्षा वाईट. नसली तर माणूस चौकशी करतो.

२००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद केलं. जगभरातली लाखो पानं एका ऑक्टोबरमध्ये गेली. सूचनेचा मेल महिने आधी आला होता, मी उघडला नव्हता. पुढे इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर माझी काही पानं सापडली. उघडतात, पण फॉन्ट नाही, त्यामुळे इंग्रजी अक्षरांची उलटीसुलटी माळ. परकोटाच्या फोटोखाली काय लिहिलं होतं ते कन्व्हर्टरमधून काढून वाचावं लागलं. दगडावरचं गोंडकालीन काम शेकडो वर्षांनी दिसतं आणि माझं सात वर्षांपूर्वीचं लिखाण उलगडायला यंत्र लागतं.

दुसरी वेबसाईट झाडीपट्टीच्या नाटकांची. ही कल्पना मला आजही चांगली वाटते, म्हणून तिचं बुडणं जास्त लागलं.

आपल्याकडच्यांना सांगायला नको, पण बाहेरगावचे वाचक असतील तर त्यांच्यासाठी: दिवाळीनंतर मंडया सुरू होतात आणि होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात रात्र रात्र नाटकं चालतात. नाटक कंपन्यांची मुख्य पेठ वडसा, म्हणजे देसाईगंज, तेव्हा गडचिरोली जिल्ह्यातलं एकमेव रेल्वे स्टेशन असलेलं गाव. सीझनमध्ये तिथे कंपन्यांची ऑफिसं ओळीने उघडतात. गावोगावची मंडळं येतात, नाटक पाहून, कलाकार विचारून, इसार देऊन बुकिंग करतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राने झाडीपट्टी हा शब्द जरा ऐकला.

माझं म्हणणं असं, की आज रात्री कोणत्या गावात कोणतं नाटक आहे हे एका ठिकाणी कळलं तर प्रेक्षक वाढतील. २००९ च्या दिवाळीला साईट सुरू केली. या खेपेला युनिकोडमध्ये, पैसे देऊन स्वतःचा पत्ता घेऊन. दर रविवारी वडश्याला जायचो, ऑफिसा-ऑफिसातून तारखा आणायचो. तीन सीझन हे केलं.

साईट पाहणारे होते. पण पुण्याचे, नागपूरचे, हैदराबादचे, दोन-चार अमेरिकेतले. कौतुकाचे मेल यायचे. त्यातला एकही माणूस नाटकाला येणार नव्हता. एका कंपनीच्या मालकाने एकदा चहा पाजता पाजता मला सरळ सांगितलं, "सर, मंडईले पावना येते तो पेपर पाहून नाई येत. त्याची बहीण त्या गावात देली हाये म्हून येते. नाटक कोनतं, ते तिच्या घरचे सांगतेत. तुमची साईट कोनाले सांगते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या माहितीची वाट शेकडो वर्षांच्या सोयरिकीने पाडून ठेवली होती, तिथे मी दुसरा रस्ता बांधत होतो. शिवाय तारखा बदलायच्या, कलाकार आजारी पडायचे, मंडळाचं भांडण व्हायचं. एसटीचं वेळापत्रक पुन्हा तेच.

गंमत पुढे आहे. साईटच्या एका कोपऱ्यात मी सहज एक यादी टाकली होती. नाटकाचं नाव, लेखक, कोणत्या साली कोणत्या कंपनीने केलं, त्यात कोण होतं. त्या एका पानासाठी मला फोन यायचे. मंडळवाले विचारायचे, अमुक नाटक आमच्या गावात आधी होऊन गेलं का? नवे लेखक विचारायचे, हे नाव कोणी घेतलं तर नाही ना? मी त्या पानाकडे लक्षच दिलं नाही, कारण ती माझी 'खरी' साईट नव्हती. २०१२ मध्ये कंटाळून पैसे भरणं थांबवलं तेव्हा ती यादीही गेली. आता झाडीपट्टीवर अभ्यास करणारी मुलं मला भेटतात आणि तीच यादी मागतात. मी मान हलवतो.

याच सुमारास मी वारणेबद्दल वाचलं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोस्टमध्ये कोल्हापूर कशाला, असं वाटेल, पण महाराष्ट्रात खेडं इंटरनेटला जोडण्याचा पहिला मोठा प्रयोग तिथे झाला आणि त्याची गोष्ट आपल्याकडे कोणी सांगत नाही. १९९८ साली, देशात माहिती तंत्रज्ञानाचा नवा उत्साह होता तेव्हा, तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी समूहाच्या भागात 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यातली ७० गावं, केंद्र-राज्य-सहकार तिघांचा पैसा, एनआयसीचं तांत्रिक काम. गावोगाव कॉम्प्युटरची केंद्रं. स्वप्न मोठं होतं: शेतकऱ्याला बाजारभाव मिळेल, पीक सल्ला मिळेल, आरोग्य, शिक्षण, जमिनीचे कागद, सगळं खिडकीत.

काही वर्षांनी बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे लोक तिथे जाऊन बसले आणि पाहिलं की त्या कॉम्प्युटरवर नेमकं काय चालतं. बाजारभाव नाही, आरोग्य नाही. शेतकरी यायचा तो आपला ऊस किती टन भरला, आपली तोड कधी, आपल्या नावावर खत किती लागलं, एवढंच विचारायला. एवढ्यासाठी कॉम्प्युटर, वीज, दुरुस्ती, केबल कशाला? म्हणून त्यांनी २००६ च्या सुमारास सात गावांत कॉम्प्युटरऐवजी साधे मोबाईल ठेवले आणि तीच माहिती एसएमएसवर दिली. काम झालं. शेतकऱ्यांना ते आवडलंही.

वारणा पूर्ण फसली असं मी म्हणणार नाही. तिथे माहितीचा मालक एक होता, कारखाना, आणि माहिती प्रत्येकाची स्वतःची होती, स्वतःच्या उसाची. म्हणून तेवढा भाग जगला. ज्याला कोणी वाली नव्हता ते सगळं गळून गेलं.

आपल्या गावांतही सरकारी लाटा आल्याच. २०११ मध्ये 'संग्राम', संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर, एक ऑपरेटर, दाखले, जमाखर्चाची सॉफ्टवेअरं. त्याच वर्षी केंद्राने गावोगाव फायबर न्यायचं ठरवलं, पुढे २०१५ मध्ये त्याचं नाव भारतनेट झालं. २०१५ अखेर संग्राम संपलं, ऑपरेटर पोरं मोर्चे काढत फिरली, आणि २०१६ पासून 'आपले सरकार सेवा केंद्र' अशी नवी पाटी लागली. २४ एप्रिल २०२० ला पंचायतींचं नवं ई-ग्रामस्वराज पोर्टल आलं. दर खेपेला नवं नाव, नवा लॉगिन, नवं प्रशिक्षण. माझ्या क्लासमधून शिकून ऑपरेटर झालेली एक मुलगी मला म्हणाली होती, "सर, आमी गावची माहिती भरत नाई, आमी रकाने भरतो." ती आता शिलाई मशीन चालवते. बरं चाललं आहे तिचं.

इतकं सगळं पाहून, वाचून, सोसून मी तिसरी वेबसाईट काढली.

२००६ चा वनहक्क कायदा, त्याखाली २००९ मध्ये लेखा-मेंढ्याला मिळालेला सामूहिक हक्क, आणि २७ एप्रिल २०११ ला मेंढ्यात येऊन मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आणि केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ग्रामसभेच्या हाती आलेलं बांबू वाहतूक परवान्याचं पुस्तक, हे आपल्या भागातल्या कोणाला सांगायला नको. त्यानंतर गडचिरोलीत हजाराहून जास्त गावांना सामूहिक हक्क मिळाले. २०१२ च्या सुधारित नियमांनी वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या बाजूने स्पष्ट केला, २०१४ मध्ये राज्याचे पेसा नियम आले. ज्या गावांनी पिढ्यानपिढ्या तेंदूपत्ता फक्त तोडला होता, ती गावं आता स्वतः जाहिरात देऊन लिलाव करू लागली.

अडचण एकच दिसत होती. शेजारच्या गावाला काय दर मिळाला हे या गावाला माहीत नसायचं. ठेकेदाराला मात्र सगळ्या तालुक्याचं माहीत. म्हणून २०१४ च्या उन्हाळ्यात आम्ही साईट काढली. गाव, दर, ठेकेदाराने इसार किती दिला, हप्ते कधी आले, पुडके किती गेले. माझा एक जुना विद्यार्थी तांत्रिक बाजू पाहायचा. पत्ता त्याच्या मेलवर घेतला होता, कार्ड माझं.

पहिली गोष्ट, ती उघडायची नाही. आम्ही मोठमोठे फोटो टाकले होते, सरकता मथळा, हिरवं जंगल. चंद्रपुरात मस्त दिसायचं. कोरचीकडच्या एका गावात रेंजसाठी टेकडीवर एका मोहाच्या झाडाखाली जावं लागे, आणि तिथे टू-जी. अर्धा फोटो येईपर्यंत माणूस खाली उतरायचा. नक्षलग्रस्त भागातल्या २,३४३ ठिकाणचे टू-जी मनोरे फोर-जी करायला केंद्राने मंजुरी दिली ती २०२२ मध्ये. माझी साईट त्याच्या चार वर्षं आधी मेली होती. भाषाही माझीच, 'सदर', 'उपरोक्त' असली. घरी गोंडी बोलणाऱ्या माणसासाठी तहसीलच्या नोटिशीत आणि माझ्या पानात काही फरक नव्हता.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली आणि ती जास्त कडू होती. आमचे सगळ्यात नियमित वाचक ठेकेदार होते. एका मुन्शीने मला बसमध्ये शाबासकी दिली, "लई कामाची साईट हाये सर, आमचे शेठ रोज पाहतेत." मी त्या रात्री झोपलो नाही. मागच्या वर्षी कोणत्या गावाने किती कमी दरात दिलं हे मी तालुकाभर जाहीर करत होतो, आणि ते वाचायला चांगलं नेट, चांगला फोन आणि फुरसत एकाच बाजूला होती. गावांना दर लागायचा तो लिलावाच्या आठ दिवसांत, आणि तेव्हा ते एकमेकांना फोन करायचे. ग्रामसभांनी एकत्र बसून लिलाव करायला सुरुवात केली, कोरचीत महाग्रामसभा झाली, त्याने जे साधलं ते माझ्या पानांनी साधलं नसतं.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहितो आहे.

एका गावाचं नाव लिहीत नाही. साठ-पासष्ट घरं. हंगामात फळीवर ठेकेदाराचा मुन्शी आपल्या रजिस्टरात पुडके लिहायचा आणि ग्रामसभेचा माणूस स्वतःच्या वहीत वेगळे लिहायचा. कष्टाचं काम, दिवसभर तोडणी करून आलेल्या बायका रांगेत, अंधार पडत असतो, आणि हा कंदिलाच्या उजेडात घरटी आकडा लिहितो. मला वाटलं, मदत करावी. मी म्हणालो, दादा, तुम्ही रोज रात्री मला फोनवर आकडे सांगा, मी साईटवर टाकतो. मग वहीत पुन्हा उतरवून ठेवायची गरज नाही. कच्च्या कागदावर लिहा, पुरे.

ते म्हणाले, "वही राहू देतो ना जी." मी म्हणालो, कशाला दुप्पट काम? साईट बंद नाही पडत.

२०१७ च्या हंगामाचे सगळे आकडे तसे साईटवर गेले. त्याच वर्षी माझा विद्यार्थी पुण्याला हिंजवडीत नोकरीला लागला. जुना मेल त्याने उघडणं सोडलं. माझ्या कार्डाची मुदत संपली. २०१८ च्या पावसाळ्यात पत्त्याचे आठशे-नऊशे रुपये भरायचे राहिले, सूचनांवर सूचना त्या न उघडणाऱ्या मेलवर गेल्या, आणि साईट गेली. मला कळलं तेव्हा होस्टिंगवाल्यांनी फाईलीही पुसल्या होत्या. माझ्याकडे जी प्रत होती ती २०१६ ची.

२०१७ च्या हंगामाचा शेवटचा हप्ता त्या गावाचा अडला होता. ठेकेदाराचं म्हणणं, इतके पुडके खराब निघाले, ते वजा. गावाचं म्हणणं, फळीवर तुमच्याच मुन्शीने चांगले म्हणून घेतले होते. २०१९ च्या सुरुवातीला दोन्ही बाजू समोरासमोर बसल्या. ठेकेदाराने आपलं रजिस्टर काढलं. गावाने पत्र्याची पेटी उघडली. २०१५ ची वही होती, २०१६ ची होती. २०१७ च्या वहीत ठराव होता, दर होता, करार होता, आणि फळीच्या मोजणीच्या जागी कोरी पानं. कच्चे कागद पावसात गेलेले. बँकेचं पासबुक होतं, पण पासबुकात मिळालेले पैसे दिसतात, मिळायला हवे होते ते दिसत नाहीत. कोणीतरी म्हणालं, सरांच्या साईटवर आहे सगळं.

फरक दीड लाखाच्या आसपासचा होता. गावाने अर्ध्याहून कमी घेऊन मिटवलं. मला कोणी एक शब्द बोललं नाही. त्या दादांनी मला जेवू घातलं.

यावरही कडी म्हणजे ग्रामसभेच्या लेटरहेडवर साईटचा पत्ता छापलेला होता, माझ्याच आग्रहाने. वर्षभराने गावातल्या बारावीच्या एका मुलीने तो पत्ता फोनवर उघडला तर जुगाराची जाहिरात. सोडून दिलेला पत्ता कोणीतरी उचलला होता. वनविभागाला, तहसीलला गेलेल्या त्या गावाच्या पत्रांवर तो पत्ता अजून आहे. उरलेली लेटरहेडं त्यांनी खाली कागदाची पट्टी चिकटवून संपवली.

मग जगतात त्या साईट कोणत्या? मी बराच विचार केला. शासन निर्णयांची साईट पाहा. प्रत्येक जीआरच्या शेवटी लिहावंच लागतं की हा निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक. तो आकडा घेतल्याशिवाय आदेश पूर्ण होत नाही, म्हणून साईट भरलेली राहते. ताडोबाचं बुकिंग पाहा. साईटवर नाव नाही तर मोहर्लीच्या गेटवरून जिप्सी आत जात नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, तो बँकेला चालतो, म्हणून लोक रांगेत का होईना पण काढतात. या साईट फार सुंदर आहेत असं नाही. ताडोबाच्या बुकिंगसाठी सकाळी सकाळी जीव टांगणीला लागलेले तुमच्यातही असतील. पण तिथे एक फाटक आहे. नोंद केल्याशिवाय ते उघडत नाही. माझ्या तिन्ही साईटवर फाटक नव्हतंच. कोणी भरलं नाही तरी कोणाचं अडत नव्हतं, आणि अडलं तेव्हा दोन वर्षं उशीर झाला होता.

ग्रामसभेकडे तसं फाटक आहे, आणि ते कोणत्याही कंपनीच्या हातात नाही. वाहतूक परवान्याचं पुस्तक. म्हणून माझ्या पत्रात मी हे लिहिणार आहे: फळीची रोजची मोजणी वहीत, शाईने, दोघांच्या सहीने झाल्याशिवाय परवान्याचं पान फाडायचं नाही. मग त्या वहीच्या पानाचा फोटो खुशाल ॲपमध्ये टाका, तीन फोनमध्ये ठेवा. ॲप ही वहीची नक्कल. उलट नाही.

आणि त्या दोन मुलांना काही गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्या प्रकल्पाचा पैसा किती वर्षांचा? पत्ता कोणाच्या नावाने घेतला, ग्रामसभेच्या की तुमच्या? सूचनेचा मेल कोणाला येतो, तो माणूस नोकरी सोडून गेला तर पुढे कोणाला? चालू हंगामाचे दर ठेकेदाराला दिसणार का? आणि बंद करायची वेळ आली तर सगळा मजकूर कागदावर छापून प्रत्येक गावाला देऊन मगच बंद कराल, हे करारात लिहून द्याल का? मुलं वाईट नाहीत हे वर लिहिलंच आहे. मीही वाईट नव्हतो.

तो प्रश्न विचारणाऱ्या बाईंना मी बैठकीनंतर भेटलो. त्या त्याच गावच्या माहेरवाशीण निघाल्या. साईटचं त्यांना काही माहीत नव्हतं. प्रश्न काहून सुचला विचारलं तर म्हणाल्या, "घरचा टीव्ही बी असाच बंद पडला ना."

पत्र रविवारी देतो. फळी सुरू व्हायच्या आत नव्या वह्या घ्यायच्या आहेत, जाड पुठ्ठ्याच्या, गोंडपिपरीला आणि वडश्याला चांगल्या मिळतात. आणखी एक विनंती. २००९ ते २०१२ या काळात कोणी झाडीपट्टीच्या नाटकांची ती यादी छापून ठेवली असेल, फाईलमध्ये, ट्रंकेत, दुकानाच्या ड्रॉवरमध्ये, अर्धवट का असेना, तर मला कळवा. मी येऊन घेऊन जाईन. या खेपेला झेरॉक्स काढतो.